पांढऱ्याच्या जागी पिवळा

आमच्या घरी सकाळी पहिला आवाज येतो तो घरघरीचा. नवख्या माणसाला वाटतं, परसात पिठाची गिरणी आहे. ती गिरणी नाही, ऑक्सिजनचं मशीन आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला धाप लागायला लागली तेव्हा माझ्या नवऱ्यानं कुठल्या कुठल्या ओळखी काढून ते मागवलं. मशीन दारात आलं तेव्हा मी ठणठणीत होऊन भाकरी थापत बसले होते. मग ते परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, तिथं गॅसच्या बर्नरला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून माझ्या वाटणीचा ऑक्सिजन काच वितळवायला जातो. हे मी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगते. पूर्वी सांगताना मलाच हसू यायचं. आता येत नाही, पण सांगायची खोड गेली नाही.

हे नांदेडच्या एका सायन्स कॉलेजात काचकाम करायचे. पोरांनी फोडलेले ब्युरेट जोडायचे, कंडेन्सर वळवून द्यायचे, फ्लास्कची मान नवी बसवायची. मी मुदखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत. सगळी नोकरी पॅसेंजरनं अपडाउन करण्यात गेली, आणि त्या अपडाउनमध्ये मी एकच स्वप्न पाहिलं. रिटायर व्हायचं आणि दुपारी पंख्याखाली पेपर छातीवर टाकून झोपायचं. लोक काशी म्हणतात, बुद्धगया म्हणतात. मला फक्त दुपारची झोप हवी होती.

पण यांच्या डोक्यात रंगीत काच शिरलेली. कॉलेजच्या काचेला रंग नसतो. रंग यांना शिकवला जुन्या नांदेडातल्या एका चाचांनी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा करणारं. तरुणपणी ते उत्तरेकडं मण्यांच्या कारखान्यात राहून आले होते. कॉलेज सुटलं की हे त्यांच्याकडं जाऊन बसायचे. चाचा आता नाहीत. त्यांचं एक वाक्य मात्र आमच्या घरात राहिलं आहे. "अंदर जो रखे, वहीच निकलता मियाँ." भाजी खारट झाली तरी हे मला तेच ऐकवतात.

ते वाक्य खरं तर कांडीबद्दलचं. रंगीत काचेच्या पेन्सिलीएवढ्या सळया असतात. मधोमध एक सळई धरायची, तिच्याभोवती दुसऱ्या रंगाच्या सळयांचं कडं लावायचं, त्याभोवती तिसऱ्या रंगाचं, अशी जुडी तारेनं बांधायची. ती बर्नरवर फिरवत फिरवत एकजीव करायची. मऊ झाली की दोन्ही टोकांना लोखंडी कांबा चिकटवायच्या आणि त्या धरून ओढायची. मनगटाएवढी जुडी ओढून ओढून बोटाएवढी होते आणि शेडच्या बाहेर जाईल इतकी लांब होते. तीच कांडी. बाहेरून पाहिलं तर नुसता एका रंगाचा दांडा. पण गार झाल्यावर कुठंही कापा, आत तीच नक्षी, फक्त लहान होऊन बसलेली. कापलेल्या चकतीला आम्ही टिकली म्हणतो. एका कांडीच्या शेकडो टिकल्या निघतात आणि सगळ्या सारख्या. जुडी बांधताना एक सळई चुकली तर ती चूक पहिल्या टिकलीपासून शेवटच्या टिकलीपर्यंत जाते. खोडरबर चालत नाही.

ओढायला दोन माणसं लागतात. एक जागेवर उभं राहतं, दुसरं टोक धरून मागं मागं चालतं. मागं चालणारी मी. शेडच्या दारातून उलटं निघायचं, पायरी टाचेनं चाचपायची, धुण्याच्या दगडाला वळसा घालायचा, पार फाटकापर्यंत. पाय जोरात पडला तर कांडी बारीक होते, थांबला तर जाड राहते. यांचा नियम एकच होता. "डोळे काचेवर, तोंड बंद." जिनं जन्मभर वर्गाला गप्प बसवलं तिला हे ऐकवायचं म्हणजे धाडसच. पण ओढताना मी खरंच गप्प बसायची, कारण गंमत अशी की ते मला आवडायचं. हे मी यांना कधी सांगितलं नाही.

मग यांचे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळे झाले नाहीत, मोतीबिंदू आला. इतकी वर्षं ज्वाळेकडं बघणाऱ्याला तो येणारच, असं डॉक्टर म्हणाले. आधी मला कळलं नाही. पेपर वाचताना उजेड नाही म्हणायचे, दुपारी बाराच्या उन्हात. एकदा आमच्या चुलत पुतण्याच्या लग्नाला जायचं होतं. लग्नाला आपल्या बौद्धांत पांढरे कपडे. हे तयार होऊन आले आणि म्हणाले, "शर्ट असा पिवळट कशानं पडलाय गं? नीळ घातली न्हाईस का?" शर्ट पांढराशुभ्र होता, मीच आदल्या दिवशी धुतला होता. तेव्हा मला कळलं. ज्याला पांढरा पिवळा दिसतो तो काचेचं काम कसं करणार?

"ऑपरेशन करून घ्या," मी म्हणाले.

"पिकू दे की अजून."

"आंबा आहे का तो पिकायला? डॉक्टर म्हणतात आता पिकायची वाट बघत नसतात."

"उन्हाळ्यात न्हाई करत. जखम चिघळती."

पावसाळ्यात म्हणाले, ओल असते. थंडीत म्हणाले, सर्दी होते. बायकोला उल्लू बनवायला तीन ऋतू पुरले. आणि काम तर बंद करायचं नव्हतं. मग मी काय केलं, शेडमधल्या फळीवर पाच उंच डबे ओळीनं लावले. पंचशीलच्या झेंड्यात रंग जसे असतात तसेच, डावीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. ही ओळ आमच्या घरात लेकरालाही पाठ. दुसरे रंग खालच्या फळीवर. रोज सकाळी चहा झाला की मी शेडमध्ये जायची, आदल्या दिवशी इकडंतिकडं टाकलेल्या सळया ज्याच्या त्याच्या डब्यात घालायची, आणि हे जुडी बांधायला बसले की शेजारी स्टूल टाकून बसायची. हे डब्याच्या जागेवरून सळई उचलायचे. चुकली तर मी नुसती खाकरायची. आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. यांना वाटावं मी उगाच बसले आहे, असं मी दाखवायची. पत्र्याखाली उन्हाळ्यात कढईत बसल्यासारखं होतं. बर्नरची धग, मशीनची घरघर, आणि मी खाकरत बसलेली. माझी दुपारची झोप त्या स्टुलावर गेली.

मी कंटाळले होते हो. सरळ सांगते. थकले होते, पायांनी आणि मनानंही. मला एकच हवं होतं. यांनी डोळ्यांचं करून घ्यावं आणि मला त्या स्टुलावरून सुट्टी मिळावी.

अशात लातूरहून लेकीचा फोन आला. तिच्या कॉलनीतल्या लोकांनी विहार बांधायला काढला होता. बुद्धमूर्तीच्या बैठकीभोवती गिलाव्यात एक खोबण ठेवली होती, तिच्यात यांच्या टिकल्या बसवायच्या. पंचशीलचे पाच रंग, मधोमध निळा, त्याभोवती पिवळा, मग लाल, मग पांढरा, कडेला केशरी. लेकीनं मीटिंगमध्ये आधीच हो सांगून टाकलं होतं. "माझे पप्पा करतील म्हणाले मी. आई, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. आमच्या लग्नातसुद्धा नाही.

मी म्हणाले, "आधी डोळे, मग विहार."

हे म्हणाले, "आधी विहार. मूर्ती यायलीय त्यांची. ऑपरेशन काय, कवाबी व्हतंय."

आणि जुडी बांधायला घेणार तोच लेक स्कूटीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. मला लातूरला जावं लागलं. निघायच्या सकाळी मी डबे नीट लावले, दोनदा पाहिले, आणि यांना बजावलं, "मी येईपर्यंत जुडी बांधू नका. मला गंमत बघायचीय." गंमतच म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते? हे म्हणाले, "हाव, हाव. तू जा निवांत."

निवांत! लोहा, अहमदपूर करत अर्ध्या तिकिटात एसटीनं लातूर गाठलं आणि मी लेकीच्या घरात जुंपले गेले. तिच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की बादल्या, टाक्या, घागरी, पातेली, जे सापडेल ते भरून ठेवायचं. तिला उठवायचं, बसवायचं, जावयाचा डबा, नातीची वेणी. नात रोज विचारायची, "आज्जी, आजोबांच्या टिकल्या कधी येणार?" संध्याकाळी मी तिला घेऊन विहारापर्यंत जाऊन यायची. ओल्या गिलाव्याचा वास यायचा. बैठकीभोवतीची ती रिकामी खोबण मी बोटानं मोजल्यासारखी चाचपून बघायची आणि मला यांची काळजी वाटायची. फोनवर हे एवढंच म्हणायचे, "बरं चाललंय. तू जपून ऱ्हा."

लेक काठी धरून चालायला लागली तशी मी परत निघाले. घरी पोचले तर फाटकात हेच उभे. हातातली पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही, तसंच शेडमध्ये नेलं. टेबलावर ताटभर टिकल्या मांडलेल्या.

"झाल्या," म्हणाले. "तुला लातूरला लई पडतंय म्हणून थांबलो न्हाई."

मागून शेजारचे रिटायर कंडक्टर आले. कांडी ओढायला यांनी त्यांना धरलं होतं. "वहिनी, जन्मभर लोकांला पुढं सरका पुढं सरका म्हणलो," ते सांगायला लागले, "आता म्हातारपणी मागं सरकून राहिलो."

मी टिकली हातात घेतली. काम इतकं सुंदर होतं की काय सांगू. एकही सळई दबलेली नाही, कड गोल, कुठं बुडबुडा नाही. मधोमध निळा. आणि निळ्याला लागून पांढरा. मग लाल. मग पिवळा. मग केशरी.

मी दुसरी उचलली, तिसरी उचलली. शहाण्या बाईनं उचलायची गरज नव्हती. एक चुकली की सगळ्या चुकलेल्या असतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

फळीकडं पाहिलं. पिवळ्याचा आणि पांढऱ्याचा डबा, मी गेले तेव्हा तळाला गेलेले, आता दोन्ही काठोकाठ भरलेले. मी नसताना सळयांचं नवं पार्सल आलं होतं, दोन्ही रंग एकाच कागदात गुंडाळलेले. यांनी ते आपल्या अंदाजानं डब्यात भरले होते, नेमके उलटे. नंतर सांगितलं त्यांनी, की प्रत्येक रंगाची एक सळई ज्वाळेत धरून पाहिली. पांढरी काच पिवळीपेक्षा लवकर मऊ पडते, ही हाताची ओळख. पण ह्या खेपेची पिवळीसुद्धा मऊच होती. हातानं दगा दिला.

"कसं झालंय?" यांनी विचारलं.

"छान," मी म्हणाले.

कंडक्टर चहा पिऊन गेले. मी आंघोळ केली, खिचडी टाकली, आणि सारखी टेबलाकडं बघत राहिले. आता काय करावं? जाऊ द्यावं का तसंच? लातूरची माणसं भली आहेत, तोंडावर कुणी बोलणार नाही. पण विहारात रोज येणारी प्रत्येक म्हातारी, वंदनेला बसलेलं प्रत्येक लेकरू ते बघणार. माझी नातच आधी बोट ठेवणार, शाळेत सगळ्यांत पुढं हात वर करते ती. आणि मग ते यांच्या कानावर परक्याच्या तोंडून जाणार. त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. पण सांगायचं कसं? इतके दिवस खाकरून भागलं होतं, इथं खाकरून भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप यांच्या हातात देऊन मी म्हणाले, "अहो, पांढरा आणि पिवळा उलटे झालेत."

"कशात?"

"टिकल्यांत. पिवळ्याच्या जागी पांढरा आहे, आणि पांढऱ्याच्या जागी पिवळा."

"काय सांगायलीस? न्हाई."

"आहे."

यांनी एक टिकली घेतली, अंगणात गेले, उन्हात धरली, डोळे बारीक केले, मोठे केले. "बरोबर तर हाय," म्हणाले. तेवढ्यात भाजीवाली आली. ती आमच्याच लोकांतली, रोज दारात टोपली उतरवून जय भीम घालून मगच भाव सांगणारी. यांनी टिकली तिच्यापुढं धरली. "बाई, निळ्याला लागून कोणता रंग हाय सांग बरं?"

तिनं पदराला हात पुसून टिकली घेतली. "पांढरा हाय की वो काका," ती म्हणाली. आणि मग टिकली जरा फिरवून, "पंचशीलचं केलंय व्हय? लई गोड केलंय. पण मंग पिवळा तिकडं कामून गेलाय?"

यांनी टिकली परत घेतली. तिला मेथी द्यायला सांगितली, पैसे दिले, आणि शेडमध्ये जाऊन मशीनचं बटण बंद केलं. त्यानंतर कितीतरी दिवस परसात आवाज नव्हता. मला वाटलं होतं, ती घरघर थांबली की मला किती बरं वाटेल. दुपारी पंख्याखाली आडवी झाले, पेपर छातीवर ठेवला, आणि टक्क डोळ्यांनी छताकडं बघत पडले. हे पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. रेडिओ नाही, पेपर नाही. जेवा म्हटलं की जेवायचे. काय घडलंय ते लेकीला मीच फोनवर सांगितलं. तिनं पहिलं विचारलं, "पप्पांना ओरडली नाहीस ना?" नाही म्हणाले. खरंच नव्हते ओरडले.

मूर्तीचा कार्यक्रम त्या रिकाम्या खोबणीसहितच झाला. खोबणीवरून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, असं लेकीनं फोटो पाठवून दाखवलं. यांनी फोटो लांब धरून बघितला आणि फोन मला परत दिला. मग म्हणाले, "चल. डाक्टरकडं जाऊ."

ऑपरेशन झालं. आपण उगाच बाऊ करतो, सकाळी नेलं आणि दुपारी घरी आणलं. काळा चष्मा, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, आणि ठरल्या वेळेला थेंब. ते थेंब घालायचं काम माझं. एक काम सुटलं की दुसरं चिकटतं, बाईच्या जातीला रिटायरमेंट नाही. हे उशीवर मान टाकून पडलेले, मी वरून बाटली धरलेली. अशाच एका दुपारी मला राग आला. इतके दिवस दाबलेला आला.

"हे तेव्हाच केलं असतं तर काय बिघडलं असतं? लेकीची मान खाली गेली नसती, तुमची इतकी मेहनत वाया गेली नसती. कशाला टाळत बसलात? भीती वाटत होती का?"

"भीती कशाची?"

"मग?"

यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. थेंब गालावर ओघळला, तो मी पुसला.

"डोळे बरे झाले की तू शेडमंदी येणार न्हाईस," हे म्हणाले. "डबे लावायला यायचीस, बसायचीस शेजारी. नोकरीत तू मुदखेडला, मी कॉलेजात. दिवसाउजेडी घरी कवा बसलो का आपण? मला ठाव होतं तू कशासाठी खाकरतीस ते. म्हणलं, चाललंय तसं चालू दे."

माणसानं एवढ्यासाठी डोळे नासवून घ्यावेत? "मग तोंड नव्हतं का? बस शेजारी, असं म्हणता येत नव्हतं का?" मी म्हणाले.

"म्हणलं असतं तर बसली असतीस?"

"नसते बसले," मी म्हणाले. "आणि आताही बसणार नाही. तुम्हाला दिसायला लागलंय. मला झोपू द्या."

बाटलीचं बूच लावून मी आत निघून गेले. खोटं नव्हतं ते. मी खरंच थकले होते. आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम होतं.

डॉक्टरांनी बर्नर पेटवायला परवानगी दिली तो दिवस मला आठवतो. मी चहा केला आणि सवयीनं शेडकडं निघाले, तर फळीपुढं हेच उभे होते. डबे खाली उतरवून, प्रत्येक सळई उजेडात धरून, पांढऱ्या पांढऱ्यात, पिवळ्या पिवळ्यात घालत होते. मला म्हणाले, "तू जा. पड जरा." आवाजात टोमणा नव्हता. मी आले, खिडकीचा पडदा ओढला, पंखा लावला आणि आडवी झाले. बाहेर घरघर सुरू झाली. आणि काय सांगू, मला गाढ झोप लागली. इतक्या वर्षांची जी राहिली होती तीच लागली असावी.

जाग आली ती यांच्या हाकेनं. "अगं, येतीस का? ओढायचीय."

ओढायला दोन माणसं लागतातच. कंडक्टर गावाला गेले होते म्हणे. गेले होते का नव्हते, मी विचारलं नाही. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर उशीच्या सुरकुत्या, तशीच उठून गेले. जुडी ज्वाळेवर लालबुंद मऊ झाली होती. यांनी माझ्या बाजूची कांब माझ्या हातात दिली आणि मी मागं निघाले. पायरी टाचेनं चाचपली. धुण्याच्या दगडाला वळसा घातला. मी अंगणातल्या उन्हात आले आणि काच लांबायला लागली.

मग मला जाणवलं की कांडी मध्येच झोल खाते आहे. मी काचेवरची नजर उचलली. हे काचेकडं बघत नव्हते. हे माझ्याकडं बघत होते. तोंड थोडं उघडं, जसा कुणी ओळखीचा माणूस बऱ्याच वर्षांनी बसस्टँडवर दिसावा तसे.

"डोळे काचेवर," मी म्हणाले.

"तू लई दमलीस गं," हे म्हणाले. "केस समदे पांढरे झाले. डोळ्याखाली किती काळं. मला दिसलंच न्हाई."

मी चालायची थांबले. थांबायला नको होतं. कुणीतरी हे म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट बघत होते ते मला तिथं उन्हात उभी असताना कळलं, आणि मला रडू आलं. हातात तापलेली काच, डोळे पुसायची सोय नाही. मी तशीच रडत उभी राहिले. मग चालायला लागले, मग परत थांबले. यांनीही धरलेलं टोक सोडलं नाही. काच आपल्या मनानं कुठं जाड, कुठं बारीक होत गार झाली.

ती कांडी यांनी टाकून दिली नाही. दुसरी करा म्हणाले मी, तर म्हणाले, "रंग बरोबर हायत." कापल्या तेव्हा टिकल्या एक नखाएवढी, एक बंद्या रुपयाएवढी, अशा लहानमोठ्या निघाल्या. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, सगळ्यांत सारखे. आम्ही दोघं त्या घेऊन एसटीनं लातूरला गेलो. गवंडी खोबणीपुढं बसून त्या लहानमोठ्या टिकल्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, डिझाइन हाय का हे? मुद्दाम केलंय?"

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "हाव. मुद्दाम."